अण्णांच्या खणातलं शून्य

अण्णांच्या मृत्यूच्या सालाच्या जागी मी अठरा वर्षं शून्य लिहीत आले.

नवं यंत्र आलं, नवी भाषा आली, की माझा पहिला प्रोग्राम ठरलेला असे. आमच्या घरातली चार माणसं, प्रत्येकाचं जन्मसाल, प्रत्येकाचं मृत्यूचं साल, आणि शेवटी यंत्राने काढलेली वयं. ऑफिसात सगळ्यांना हे माहीत आहे. लोक नव्या जागेत राहायला गेले की आधी दूध उतू घालतात, तशी मी नव्या यंत्रावर आधी घरची माणसं मांडते. त्यावरून माझी थट्टाही होते.

गेल्या महिन्यात ऑफिसात नवं यंत्र सुरू झालं. अण्णा मागच्या श्रावणात गेले. कोरा कागद पुढे घेऊन मी बसले, आणि प्रोग्राम लिहिण्याऐवजी तो पहिल्यांदा कसा लिहिला गेला तेच आठवत राहिले.

ते साल होतं एकोणीसशे साठ. आम्ही गिरगावात, खोताच्या वाडीच्या मागच्या गल्लीत राहत होतो. घरात तिघं. अण्णा, त्यांची धाकटी बहीण म्हणजे माझी उर्मिलाआत्या, आणि मी. आई एक्कावन्न साली गेली होती. आत्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन परत आली, ती आमच्याच घरची झाली. माझ्या वेण्या तिनेच घातल्या आणि मला रागावण्याचं कामही तिच्याकडेच होतं, कारण अण्णांना ते जमत नसे.

अण्णा हायकोर्टात भाषांतरकार होते. दुसऱ्यांचे शब्द एका भाषेतून उचलून दुसऱ्या भाषेत जागच्या जागी ठेवायचे, एकही सांडू द्यायचा नाही, यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर त्यांनी संयुक्त महाराष्ट्राला वाहून घेतलं. छप्पन साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, ते बंद गळ्याचा कोट घालून आणि छत्री घेऊन सत्याग्रहाला गेले. पोलीस म्हणाला, "आजोबा, घरी जा, ऊन लागेल." अण्णा म्हणाले, "म्हणूनच छत्री आणलीय. तुम्ही आडनाव लिहून घ्या, आणि धैर्यवानमधला धै नीट लिहा." काही दिवस आत राहून आले, ते अंगावर पिसवांचे चट्टे आणि चेहऱ्यावर लग्नघरातल्या माणसाचा आनंद घेऊन.

साठच्या जानेवारीत राज्य होणार हे ठरल्यासारखंच होतं. अण्णा रोज सकाळी वर्तमानपत्रातल्या नकाशावर भिंग धरून बसत. त्याच वर्तमानपत्रात त्यांना ती जाहिरात दिसली. कुलाब्याच्या बाजूला एका संस्थेत गणकयंत्र होतं, आणि त्यावर काम करायला गणित शिकलेली सहा माणसं हवी होती. तीन महिने शिकवणार आणि मार्चअखेर त्यातल्या दोघांना कामावर ठेवणार.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. शिकवणं मला वाईट जमत नव्हतं, पण रोज संध्याकाळी घरी येताना मला आपण विझल्यासारखं वाटे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. अण्णांनी जाहिरात कापून माझ्या ताटाशेजारी ठेवली.

"यंत्राशी लग्न लावायचंय का हिचं?" आत्या म्हणाली. तिने दादरचं एक स्थळ बघून ठेवलं होतं.

"मार्चअखेरपर्यंत थांब," अण्णा म्हणाले. "ठेवून घेतलं तर ती यंत्रावर जाईल. नाही ठेवलं तर तुझ्या स्थळाला मी स्वतः पोहे करून घालीन."

"तू केलेले पोहे खाऊन कोण हो म्हणणारेय?"

अशा रीतीने माझं पुढचं सगळं मार्चअखेरवर येऊन ठेपलं. शाळेने तेवढीच बिनपगारी रजा दिली होती.

आम्हाला शिकवायला मनमोहन नवलकर म्हणून एक गृहस्थ होते. चाळिशीचे, किडकिडीत, खिशात कायम खडू. पहिल्याच दिवशी मी घरी त्यांचं नाव सांगितल्यावर आत्याने विचारलं होतं, "नवलकर? म्हणजे आपल्यातलेच, पाठारे परभी?" आणि मग, लगेच, "लग्न झालंय?" झालं होतं. त्यांना दोन मुलगेही होते. आत्याचा नवलकरांतला रस तिथेच संपला.

यंत्राच्या आत संख्या ठेवायच्या जागा असत. वर्गात त्यांना इंग्रजी नाव होतं. घरी अण्णांना सांगताना मी त्यांना खण म्हणायला लागले, आणि मग माझ्या डोक्यातही ते खणच झाले. एका खणात एकच संख्या. एखाद्या गोष्टीबद्दल चार संख्या ठेवायच्या असतील तर चार खण शेजारी शेजारी घ्यायचे आणि ते सगळे मिळून ती गोष्ट, असं धरून चालायचं. यंत्राला ती गोष्ट कळत नाही. त्याला फक्त खण कळतात.

फेब्रुवारीत नवलकरांनी पहिला मोठा पाठ दिला.

"एक माणूस म्हणजे तीन खण," ते फळ्यावर चौकोन काढत म्हणाले. "पहिल्यात क्रमांक, दुसऱ्यात जन्मसाल, तिसऱ्यात मृत्यूचं साल. माणूस हयात असेल तर तिसऱ्यात शून्य. यंत्राने तिसरा खण बघायचा. शून्य असेल तर या सालातून जन्मसाल वजा करायचं. शून्याशिवाय काही असेल तर ते मृत्यूचं साल समजून त्यातून वजा करायचं. आपापल्या घरची माणसं घ्या."

मी ते नीट उतरवून घेतलं. 'हयात असेल तर शून्य' हेही उतरवून घेतलं.

संध्याकाळी मी घरी टेबलाशी बसले. समोर जमिनीवर अण्णा आणि आत्या मोड आलेले वाल सोलत होते. मी क्रमांक एक घातला, अण्णांचं जन्मसाल १८९३ लिहिलं आणि तिसऱ्या रकान्याशी थांबले. वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, मृत्यूचं साल. आणि ज्याचं ते, तो माणूस वालाची सालं एका बाजूला आणि डाळिंब्या दुसऱ्या बाजूला करत, आत्याची नजर चुकवून एखादी तोंडात टाकत होता. त्या मथळ्याखाली त्याच्या नावापुढे काहीही लिहायला माझा हात होईना.

नाहीतरी शून्य म्हणजे काही नाही. मग काही नाही ते लिहायचं कशाला? मी ती जागा कोरी सोडली. आत्याची आणि माझीही सोडली. आईच्या पुढे मात्र लिहिलं. जन्म १९०६, मृत्यू १९५१.

कागदावरच्या संख्या टेपवर भोकं पाडून चढवायच्या आणि टेप यंत्राला द्यायची. यंत्राच्या खोलीत थंडगार असे. एका बाजूला टेलिप्रिंटर. माझी पाळी आली तेव्हा बाकीचे पाच जण मागे उभे होते. टेलिप्रिंटर खडखडला, कागद वर सरकला, आणि त्यावर चार ओळी आल्या.

पहिली, अण्णा: २१२.

दुसरी, आई: ४५.

तिसरी, आत्या: उणे ४०.

चौथी, मी: ३.

"अगं बाई," माझ्या बरोबरीची लतिका मागून म्हणाली, "नलू, तू तर तिसऱ्या वर्षीच गेलीस!"

सगळे हसले. मीही हसले. आमच्या घरात फक्त आई बरोबर आली होती.

नवलकरांनी बाकीच्यांना जेवायला पाठवलं आणि कागद हातात घेतला.

"मिस धैर्यवान, तिसऱ्या खणात काय घातलं होतं?"

"काही नाही, सर."

"शून्य?"

"नाही. काहीच नाही. कोरा ठेवला."

"कागद कोरा राहतो," ते म्हणाले. "खण कोरा राहत नाही. त्यात काही ना काही असतंच. तुम्ही ठेवलेलं नसलं तर आधीच्याचं उरलेलं. सकाळी इथे दुसऱ्या कुणाचा तरी हिशेब चालला होता. त्यातली एक संख्या तुमच्या वडिलांच्या खणात पडून होती, एकवीसशे पाच. यंत्राला वाटलं हे त्यांच्या मृत्यूचं साल."

"आधीचं पुसलं जात नाही?"

"सांगितलं तर जातं. यंत्र मनाने काही करत नाही." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "मी शून्य लिहायला सांगितलं होतं. विसरलात?"

"नाही."

"मग?"

 घरी जे कुणालाही न सांगता कळलं असतं, ते त्या थंड खोलीत कसं सांगायचं? 

"माझ्या आईनेही लिहू दिलं नसतं," नवलकर म्हणाले. "जित्या माणसाच्या मरणाचा रकाना काय आखतोस, म्हणाली असती. पण माणूस मांडायचा तर पुरा मांडायला हवा. दोन खण भरले आणि तिसरा राहिला, तर तो माणूस अर्धा नसतो, चुकीचा असतो. अर्धा असता तर निदान लक्षात आलं असतं."

मग त्यांनी मला एक युक्ती सांगितली. दर माणसाचे खण वेगवेगळे भरत बसू नका, म्हणाले. माणूस मांडण्याचं काम प्रोग्रामच्या एकाच तुकड्याला द्या. त्या तुकड्याला तुम्ही क्रमांक आणि जन्मसाल द्यायचं, ते प्रत्येकाचं वेगळं, ते मनाने घालता येत नाही. तिसऱ्या खणात मात्र तो तुकडा स्वतःच शून्य घालेल, प्रत्येक माणसाला, न विचारता. जन्माला घालताना सगळे हयातच असतात.

"पुढच्या शनिवारी तुमची पुन्हा पाळी," ते म्हणाले. "त्यानंतर मला दोन नावं वर द्यायची आहेत. तुमचं द्यावं असं मला वाटतंय. पण चुकीच्या कागदावर मी ते देऊ शकत नाही."

घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं. घरची माणसं काढून टाकायची. खोटी चार घ्यायची, ज्यांच्यापुढे काहीही लिहायला हात अडणार नाही.

मी तो कागद टेबलावर ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. अण्णांनी चष्मा चढवला.

"दोनशे बारा?" त्यांचा चेहरा उजळला. "उर्मिले, ऐकलंस का? सरकारी यंत्र सांगतंय, मी दोनशे बारा वर्षं जगणार! बेळगाव घेऊनच जाईन आता."

"आणि माझं काय आलंय?"

 अण्णांनी वाचलं. "तुझं उणे चाळीस. म्हणजे तू जन्माच्या आधी चाळीस वर्षं वारलीस."

आत्या हातातली सांडशी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. "काय बोलतोस, दादा, तिन्हीसांजेला!"

"मी नाही, यंत्र बोलतंय. तरीच तुला लहानपणापासून कशाचं काही वाटत नाही. सगळं आधीच होऊन गेलेलं."

"नलू, माझं नाव काढ त्यातून. आत्ताच्या आत्ता. मरणाचे खण कसले करता जित्या माणसांचे? शिकलेली माणसं ना तुम्ही?"

"काढतेच आहे," मी म्हटलं. "सगळ्यांचीच काढते. खोटी माणसं घेते."

"आणि माझं?" अण्णा म्हणाले. "दोनशे बारा वर्षांचा म्हातारा काढून टाकणार? नवलकरांनी काय सांगितलं ते नीट सांग मला. सगळं."

मी सांगितलं. खण कोरा राहत नाही. शून्य लिहिलं तरच शून्य. अण्णांनी ते कोर्टातल्या साक्षीसारखं ऐकलं, मधे एकदाही न बोलता.

"मग तुला शून्य लिहायला काय झालं?"

"तुम्ही समोर वाल सोलत होता."

 अण्णा खाकरले आणि उगाच चष्मा पुसायला लागले. "आडनाव धैर्यवान," ते म्हणाले, "आणि एका शून्याला भिते पोरगी."

तेवढ्यात आत्याला तिचं काम आठवलं. दोन दिवसांपूर्वी खोताच्या वाडीतल्या मिसेस डिमेलोंनी केक पाठवला होता, त्यांची काचेची बशी परत द्यायची होती. आत्याने बशी पुसली, डब्यातून चिमूटभर साखर काढली, बशीत घातली आणि वर रुमाल झाकला.

"उर्मिले," अण्णा म्हणाले, "साखर कशाला?"

"कशाला म्हणजे? कुणाचं भांडं रिकामं परत देतात का?"

"चिमूटभर साखरेने डिमेलोबाईंचा चहा तरी होणारेय का?"

"चहासाठी नाही देत. भांडं रिकामं जाऊ नये म्हणून देते. आपण विसरलो नाही, एवढं त्यांना कळायला."

"बघ," अण्णा माझ्याकडे वळले. "हे तिचं शून्य. किंमत काही नाही, पण हाताने घातलेलं. कोरं म्हणजे तुझ्या लक्षातच राहिलं नाही. शून्य म्हणजे लक्षात आहे, आणि अजून नाही."

"अजून नाही," आत्या बशी हातात धरून म्हणाली. ती त्या शब्दावर जरा अडखळली. "म्हणजे तिथे 'अजून नाही' असं लिहायचं?"

"हो."

"मरणाचं साल नाही लिहायचं?"

"नाही, आत्या. अजून नाही, एवढंच."

आत्याने विचार केला. "मग कुणा दुसऱ्याची उरलेली संख्या मला कशाला लावायची? घाल मला ते. मोठं घाल, नीट दिसेल असं." आणि बशी घेऊन ती जिना उतरून गेली.

अण्णांनी खुर्ची माझ्या टेबलाशी ओढली. "लिही. मी बसतो इथे."

मी नवलकरांनी सांगितलेला तुकडा लिहायला घेतला. क्रमांक घ्यायचा, जन्मसाल घ्यायचं, पहिला खण भरायचा, दुसरा भरायचा. तिसऱ्या ओळीला मी अण्णांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते, फोटो काढून घ्यायला बसलेल्या माणसासारखे. मी शून्य लिहिलं.

"झालं?"

"झालं."

"कळलंसुद्धा नाही," अण्णा म्हणाले. मग कागदावर वाकून त्यांनी तो तुकडा एकेक ओळ बोट ठेवून वाचला. भाषांतर तपासताना वाचत तसा. त्यांना यंत्राची भाषा येत नव्हती, पण क्रम कळत होता.

"जन्मसाल तू देणार. ते मनाने घालता येत नाही."

"नाही."

"आमच्या मास्तरांनी घातलं होतं. मला शाळेत घालायला काका घेऊन गेले. त्यांना तारीख माहीत नव्हती. मास्तर म्हणाले, मग एक जून. अर्धा वर्ग एक जूनला जन्मलेला." ते हसले. बोट पुन्हा तिसऱ्या ओळीवर आलं आणि तिथेच राहिलं. "हे शून्य सगळ्यांना पडतं?"

"सगळ्यांना. हा तुकडा ज्याला ज्याला मांडेल त्याला."

"सुनंदालाही?"

त्यांच्या तोंडून आईचं नाव मी किती दिवसांनी ऐकत होते. मी कागद पुढे सरकवला. "हो. आधी आईलाही शून्यच पडतं. मग खाली ही वेगळी ओळ आहे. आईच्या तिसऱ्या खणात एकोणीसशे एक्कावन्न घाल, असं सांगणारी."

"म्हणजे आधी ती हयात असते. आणि मग ही ओळ येते."

"हो."

"दोन्हीच्या मधे वेळ किती?"

"फारच थोडा, अण्णा. डोळा लवायलाही त्याच्या कितीतरी पट लागतो."

"पण असतो."

"असतो."

खाली गल्लीत आत्याचा आणि डिमेलोबाईंचा आवाज येत होता. दोघी एकमेकींच्या भाषेत बोलायचा प्रयत्न करत होत्या.

"त्या वेळात यंत्राला तिचं वय विचारलं तर काय सांगेल?" अण्णांनी विचारलं.

मी मनात वजाबाकी केली. "चोपन्न."

"चोपन्न." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "पिकले असते केस आता. कानाशी तेव्हाच पिकायला लागले होते. मला उपटायला सांगायची." मग त्यांनी बोट त्या ओळीवरून उचललं. "चालेल. ही पद्धत चांगली आहे. बनवताना शून्यच घालत जा. पुढचं पुढे."

शनिवारी टेलिप्रिंटरने चार ओळी छापल्या. ६७, ४५, ५९, २५. नवलकरांनी त्या दोनदा पाहिल्या. मग खिशातला खडू उगाचच एका खिशातून दुसऱ्यात टाकला आणि म्हणाले, "वडिलांना सांगा, त्यांचं वय बरंच कमी झालंय."

मार्चअखेर दोन नावं लागली, त्यात माझं होतं. लतिकाचं नव्हतं. तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "तिसऱ्या वर्षी मेलेली पोरगी माझ्या पुढे गेली." आत्याने देवापुढे साखर ठेवली आणि दादरच्या स्थळाला नकार कळवला. अण्णांनी त्या दिवशी खरंच पोहे केले. आम्ही तिघांनी ते खाल्ले आणि आत्याने स्थळाचं नशीब चांगलं असल्याचं सांगितलं.

एक मे रोजी राज्य झालं. अण्णा घोषणा देऊन घसा बसवून आले. बोलता येईना, म्हणून पाटीवर लिहून बोलू लागले. दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन नवा नकाशा पाहिला आणि पाटीवर लिहिलं: 'बेळगावचा खण कोरा ठेवलाय. नवलकरांकडे पाठवा यांना.'

पुढची वर्षं कामात गेली. यंत्रं बदलली. भोकांच्या टेपऐवजी कार्डं आली. मग अशा भाषा आल्या ज्यांत खणांना नावं देता येतात आणि शेजारी शेजारी घेतलेल्या खणांच्या गठ्ठ्यालाही एक नाव देता येतं. मी लग्न केलं नाही. आत्या काही वर्षं त्यावरून बोलत राहिली आणि मग थांबली. दर नव्या यंत्राच्या वेळी मी घरी येऊन बूट काढत असताना अण्णा खुर्चीतून विचारत, "माझं शून्य घातलंस ना?" मी हो म्हणत असे. मग ते वर्तमानपत्राकडे वळत.

आता मीच नव्या मुलांना शिकवते. त्यांना यंत्राची भीती वाटत नाही, आणि कोऱ्या जागेचीही वाटत नाही. नंतर भरू, म्हणतात. मी त्यांना आमच्या घराचा पहिला कागद दाखवते. दोनशे बारा बघून ती खूप हसतात. हसून झालं की सांगते, काहीही बनवा, त्याचा एकेक खण बनवतानाच भरा. जे तुम्हाला माहीत नाही ते मागून घ्या. जे अजून झालेलं नाही त्याच्या जागी तसं लिहा. दुसऱ्याचं उरलेलं त्यात राहू देऊ नका.

हे सगळं सांगणारी मी गेल्या महिन्यात कोऱ्या कागदापुढे बसून होते.

नव्या भाषेत माणूस एका ओळीत मांडता येतो. क्रमांक, जन्मसाल, मृत्यूचं साल, तिन्ही एकदम द्यायचं आणि पुढे जायचं. वेगळी ओळ लागत नाही. माझ्या हाताखालच्या मुलांनी तसंच केलं असतं, आणि ते बरोबरच झालं असतं. एक, अठराशे त्र्याण्णव, एकोणीसशे सत्त्याहत्तर. मी ते लिहून पाहिलं. मग खोडलं.

अण्णांना मी जुन्याच पद्धतीने मांडलं. क्रमांक आणि जन्मसाल दिलं, तिसऱ्या खणात आपसूक शून्य पडू दिलं. खाली एक ओळ मोकळी सोडली आणि तिच्याखाली, आईच्या ओळीसारखीच, त्यांचं साल घालणारी ओळ लिहिली. ती लिहिताना हात अडला नाही. मला वाटलं होतं अडेल.

मग मी वर सोडलेल्या मोकळ्या ओळीकडे परत आले. तिथे लिहिलं: क्रमांक एकचं वय छाप.

प्रोग्राम चालवायला ऑफिसातले पाचसहा जण जमले होते. कागद सरकत बाहेर आला. पहिल्या ओळीत ८५ होतं. त्याच्या खाली ८४, ४५, ७७, ४३.

"मॅडम," एक जण म्हणाला, "एक ओळ जास्त आलीय. एक नंबर दोनदा आलाय, आणि वयही वेगळंय."

"असू दे," मी म्हटलं.

घरी आले तेव्हा आत्या अण्णांच्या खुर्चीत बसून वाल सोलत होती. आता तिला जमिनीवर बसवत नाही. मी बूट काढत होते.

"नवं यंत्र सुरू झालं म्हणे," ती वर न बघता म्हणाली. "माझं शून्य घातलंस ना?"

"घातलं."

तिने दोनतीन वाल सोलले. "आणि दादाला?"

"आधी शून्यच घातलं, आत्या. त्यांनी सांगितलं होतं तसं."

"मग ठीक," आत्या म्हणाली, आणि थाळीतल्या डाळिंब्या माझ्या बाजूला सरकवून सालं आपल्याकडे ओढून घेतली.